धोंड्याचं जेवण आणि गच्चीवरचा सूर्य

दोष अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील. हे पहिल्याच दमात सांगून टाकतो, कारण आमच्या घरात कुठल्याही भानगडीचा शेवट माझ्या नावावर होतो आणि या एका भानगडीत माझ्याकडं साक्षीदार आहेत. भर पंगतीत, जावयाच्या ताटासमोर, अण्णांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय. तेव्हा चहा गार होऊ देऊ नका, आणि ऐकताना बाजू कुणाची घ्यायची हे ध्यानात ठेवा.

मी गजानन. इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग, दुसऱ्या वर्षाला सोडलेलं. का सोडलं? आमचे सर फळ्यावर जी मोटर काढायचे, ती त्यांनी जन्मात उघडून बघितली नव्हती. मी एकदा विचारलं, "सर, ही जळाली तर वास कसा येतो?" तर म्हणाले, बाहेर जा. मी गेलो. फक्त परत आलो नाही, एवढंच.

त्या दिवसापासून नांदेडमधल्या आमच्या झाडून सगळ्या नातेवाइकांना माझ्या आयुष्याबद्दल मतं फुटली. ज्या मामाला गॅसचं नळकांडं बदलता येत नाही तो मला करिअर सांगायला लागला! वय झालं की अक्कल येते, हे कुणी ठरवलं हो? वय झालं की फक्त वय होतं. बाकी जे असतं तेच असतं, जरा जास्त मोठ्यानं.

अण्णा भोकरला शाळेत मास्तर होते. रिटायर होऊन नांदेडात तरोड्याकडं घर बांधलं. माणूस रिटायर झाला, वर्ग काही सुटला नाही. घरात कुणी काहीही म्हणालं की यांचं एकच वाक्य, "करून दाखव." लहानपणी मी म्हणालो मला सायकल येते. करून दाखव. मला पोहता येतं. करून दाखव. एकदा तापात म्हणालो, अण्णा, मला उलटी होईल असं वाटतंय. पुढचं तुम्हीच ओळखा.

तर आमच्या घराला पुढच्या अंगाला, रस्त्यावरच, शटरचा एक गाळा आहे. त्या गाळ्यावर माझा डोळा होता. मला सोलरचं दुकान टाकायचं होतं. एका एजन्सीत राबून मी काम शिकलो होतो. पॅनल उचलायचे, स्टँड ठोकायचे, गिऱ्हाइकाला पटवायचं. पण त्याच गाळ्यावर अजून एकाचा डोळा होता. आमच्या दाजींचा.

दाजी म्हणजे माझ्या ताईचे मालक. लातूरला क्लासमध्ये फिजिक्स शिकवतात. लातूर पॅटर्नचा माणूस तुम्हाला ठाऊकच असेल. "जेवलात का?" असं विचारतानासुद्धा चार पर्याय देतो! त्यांच्या चुलतभावाला नांदेडात क्लास काढायचा होता, आणि जागा म्हणून त्यांनी आमचा गाळा हेरला होता. दाजी कधी सरळ बोलत नाहीत. आधी प्रस्तावना. "त्याचं असं असतं गजानन, मुळात आपण जागा या शब्दाचा विचार केला तर…" क्रियापद येईपर्यंत समोरचा माणूस म्हातारा होतो.

अण्णांनी निकाल दिला. "आधी आपल्या गच्चीवर सोलर करून दाखव. धोंड्याच्या जेवणाला जावाईबापू येतील, त्यांच्यासमोर चालव. चाललं तर गाळा तुझा, न्हाई चाललं तर त्यांच्या भावाचा."

मी म्हणालो, मंजूर.

सोलरच्या कागदांवर सह्या करण्याआधी अण्णांनी एक प्रश्न विचारला. आयुष्यात त्यांनी मला विचारलेला हा एकच कामाचा प्रश्न. म्हणाले, "काय रे गजू, लाईट गेल्यावर चालंल का हे?"

आता तुम्हीच सांगा, मास्तरच्या पोराला एवढी सोपी फुलटॉस आल्यावर तो काय करील? मी म्हणालो, "अण्णा, सूर्य काय लाईट ऑफिसात नोकरीला हाय का?"

अण्णा हसले. मनापासून, डोळ्याला पाणी येईपर्यंत. त्यांना मी शेवटचं कधी हसवलं होतं ते मला आठवत नाही. बहुतेक बोबडं बोलायचो तेव्हा. आणि मग त्यांनी ते वाक्य गावभर नेलं. भाजीवाल्याला सांगितलं, देवळाच्या कट्ट्यावर सांगितलं, दाढी करताना न्हाव्याला सांगितलं. "आमचा गजू म्हणतो, सूर्य काय लाईट ऑफिसात नोकरीला हाय का? आँ?" शेजारच्या हमीदचाचांना तर दोनदा सांगितलं. पोरगं कॉलेज सोडून आलं तेव्हापासून कट्ट्यावर खाली मान घालून बसणारा माणूस. त्याला बोलायला एक वाक्य मिळालं होतं.

पॅनल बसले. बसवणाऱ्या कारागिरानं मला विचारलं होतं, "दादा, बॅटरीवालं बसवायचं का बिनबॅटरीचं?"

"बॅटरी रात्रीला लागते. रात्री आम्ही झोपतो."

"तसं न्हाई दादा, लाईट गेल्यावर…"

"मी इलेक्ट्रिकलचा आहे," मी म्हणालो.

त्यानं तोंड मिटलं आणि नट आवळायला घेतला. हा प्रसंग जरा लक्षात असू द्या.

खरं सांगायचं तर काम झकास झालं होतं. सकाळी ऊन चढलं की जिन्यातल्या भिंतीवरच्या मशीनचा हिरवा दिवा लागायचा. एसी, मोटर, मिक्सर, सगळं उन्हावर. उरलेली वीज तारेवरून उलटी खांबाकडं, लाईट ऑफिसला. मीटर ती मोजून घ्यायचं. अण्णा दुपारी मीटरसमोर हात मागं बांधून उभे राहायचे, परीक्षेत सुपरव्हिजन केल्यासारखे. "आता आपली त्यांच्याकडं चालली!" असं आईला ओरडून सांगायचे.

मध्ये लाईट गेली नाही का? गेली की. वळवाचं वारं सुटलं की संध्याकाळी जायचीच. सोलरही बंद पडायचं. मी समजावलं, "आता सूर्यच बुडला तर ते काय करील?" सगळ्यांना पटलं. सगळ्यात आधी मलाच पटलं.

तक्रार होती ती गच्चीची. अण्णा उन्हाळाभर गच्चीवर बाज टाकून झोपायचे, हे घर बांधल्यापासून. ती बाज खाली आली. काही बोलले नाहीत, कूलरसमोर अंथरूण टाकलं. बोलली ती आत्या. अण्णांची थोरली बहीण, आमच्याकडंच असते, आणि घर अण्णांच्या नावावर असलं तरी गच्ची तिची आहे. पापड, सांडगे, शेवया, कुरडया, सगळं वाळवण तिथं.

"माय माय माय! बसायला जागा ठेवली न्हाई मेल्यानं," ती म्हणाली. "आता कुरडया काय तुझ्या टाळक्यावर घालू?"

"आत्या, सूर्याची वीज आहे ही. कुरडया काय दुकानात मिळतात."

आत्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मी तिच्या सासरच्यांना शिवी दिली. कुरडया दुकानात मिळतात, हे आमच्या घरात बोलायचं वाक्य नाही.

मग धोंड्याचा महिना आला. तीन वर्षांतून एकदा येणारा अधिक महिना, यंदा ऐन उन्हाळ्यात. या महिन्यात लेक-जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे. लेक लक्ष्मी आणि जावई साक्षात विष्णू. आणि देवाचा एक नियम असतो बघा. देवाला ओवाळायचं, देवाला नैवेद्य दाखवायचा, पण देवाला कुणी विचारतं का, की बाबा तुझं काय म्हणणं आहे?

सगळी चूक तिथंच झाली.

दाजी-ताई सकाळच्या गाडीनं आले. दुपारी हॉलमध्ये पाट मांडला, रांगोळी घातली, आईनं दाजींचे पाय धुतले, नवा ड्रेस दिला. तो दाजींनी तिथंच घातला. जाड कापडाचा सफारी! बाहेर ऊन असं की कुत्रं सावलीतून उठायला तयार नाही. पण आत? आत एसी. महाबळेश्वर! मी कोपऱ्यात उभा, हाताची घडी, मनात गाळ्याला कुठला रंग द्यायचा ते चाललेलं.

एक गोष्ट मात्र मला खटकली. ताई देवघरात गेली आणि आईचा जुना हातपंखा घेऊन दाजींच्या शेजारी येऊन बसली.

"ताई, एसी चालूय."

"असू दे रे. सवय हाय मला," ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावला.

मला वाटलं, नवऱ्यावरचं प्रेम.

ताट वाढलं. धोंडे, वर तुपाची धार, कटाची आमटी, भजी, आणि बाजूला अनारशांची चळत. दाजींनी पहिला घास घेतला. अण्णा खुर्चीवर सरसावून बसले आणि मला म्हणाले, "हां, विंजिनेर. करून दाखव."

मी पुढं झालो. भाषण तयार होतं. "दाजी, आत्ता हा एसी चालूय तो उन्हावर. पण तुम्ही म्हणाल, कशावरून? लाईट तर ऑफिसचीही चालूय. बरोबर? म्हणून मी आता काय करतो, ऑफिसची लाईट तोडतो. मेन स्विच पाडतो. मग बघा."

दाजींचा हात ताटातच थांबला. "गजानन, एक मिनिट. त्याचं असं असतं, मुळात सोलरमध्ये…"

"ताटावर बोलू नका हो," आई म्हणाली, "ठसका लागतो." आणि एक धोंडा वाढला.

"सूर्य काय लाईट ऑफिसात नोकरीला हाय का? आँ?" अण्णांनी दाजींना डोळा मारला.

मी मेन स्विच खाली ओढला.

खट्.

एसी थांबला. पंखा थांबला. फ्रीजनं एक आचका दिला आणि तोही थांबला. हॉलमध्ये इतकी शांतता झाली की दाजींच्या तोंडातला धोंडा ऐकू यायला लागला.

"येईल आता," मी म्हणालो. "मशीनला वेळ लागतो."

आम्ही मशीनला वेळ दिला. दाजींच्या कपाळावर घामाचा एक थेंब उगवला, नाकाच्या शेंड्यापर्यंत आला आणि कटाच्या आमटीत पडला. ताई हातपंखा हलवायला लागली. शांतपणे, तयारीच्या माणसासारखी.

"गजू," अण्णा म्हणाले, "काय करून राहिलास?"

जिन्यात जाऊन बघितलं तर मशीनवर लाल दिवा लुकलुकत होता. लाल दिवा म्हणजे ऊन पोचत नाही, असा मी स्वतःच अर्थ लावला आणि गच्चीवर धावलो. आणि काय बघतो?

पॅनलवर कुरडया!

एकाही पॅनलची काच दिसेना. ह्या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत पांढऱ्याशुभ्र, गोल, एकसारख्या, रांगेत. पाठोपाठ आत्या वर आली, कमरेवर हात देऊन.

"आत्या! हे काय?"

"कुरडया."

"ते दिसतंय! पॅनलवर का?"

"मग खाली कुठं घालू? खालचं सगळं ऊन तर तुझ्या ह्या काचांनी अडवलंय! आणि लई छान वाळतात बघ. खालून पण शेकतात. एका दिसात कडक! ताईच्या सासरला द्यायच्यात."

माझ्या डोक्यात जाळ झाला. माझा गाळा, माझं दुकान, माझं नाव, सगळं एका कुरडईखाली गेलं होतं! मी खराटा उचलला.

"गज्या! हात लावू नको! मुडद्या, आज ज्या घातल्यात त्या वल्ल्या हायत अजून!"

मी ऐकलं नाही. वडीलधाऱ्यांचं ऐकायचं नाही हे माझं तत्त्व आहे, आणि तत्त्वासाठी किंमत मोजावी लागते. वाळलेल्या कुरडया गच्चीच्या पलीकडं उडाल्या. ओल्या होत्या त्या काचेवर फासल्या गेल्या. सूर्यावर पांढरी साय धरली! मग ती काढायला मी ओल्या फडक्यानं घासायला लागलो, अनवाणी, तापल्या गच्चीवर, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत. आत्या मागं उभी राहून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. त्या तिच्याही सात पिढ्या आहेत, हे तिच्या ध्यानात नव्हतं.

काच लख्ख करून मी खाली आलो. तळपायाची भाकरी झालेली. मशीनकडं बघितलं. लाल.

हॉलमध्ये दाजी सफारीसकट भिजले होते. मला बघून त्यांनी पुन्हा सुरुवात केली, "गजानन, मी काय म्हणतो, आमच्याकडं लातूरला—"

"लातूरचं ऱ्हाऊ द्या बाजूला!" माझ्या मागून आलेली आत्या कडाडली. तिचा राग माझ्यावर होता, पण हातात पळी होती. "सासरला द्यायच्या कुरडया गेल्या, आता निदान धोंडे तरी खा!" आणि तिनं दाजींच्या ताटात आणखी दोन आदळले. वर तूप.

दाजींनी ताईकडं बघितलं. ताईनं वर पंख्याकडं बघितलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय बिचारी. माहेरची अब्रू चाललीय म्हणून रडतेय.

"मेन चालू कर," अण्णा म्हणाले. आवाज अगदी हळू. मास्तर हळू बोलायला लागला की समजायचं.

मी हार मानली आणि स्विच वर केला.

काही नाही.

पुन्हा खाली, पुन्हा वर. काही नाही. एसी नाही, पंखा नाही, फ्रीज नाही. आता ऑफिसची लाईटही नाही! जाळलं की काय मी सगळं? एवढ्यात बाहेर गलका ऐकू आला. मी दार उघडलं तर ओट्यावर हमीदचाचा. बनियनवर, हातात वर्तमानपत्राचा पंखा. मागं गल्लीतली निम्मी माणसं.

"क्या मियाँ," चाचा म्हणाले, "तुम्हारा सूरज हमारी लाईट भी खा गया क्या?"

गल्लीचीच लाईट गेली होती! आमच्या घरातून 'खट्' आवाज आला, मी गच्चीवर नाचताना दिसलो, आणि पाठोपाठ सगळी गल्ली बंद. गल्लीनं दोनात दोन मिळवले.

"चाचा, मी काही केलेलं नाही!"

"वरून काहीतरी घासत होता की तू! आम्ही बघितलं," मागून एक जण म्हणाला.

"ते कुरडया होत्या!"

हे उत्तर कुणालाच पटलं नाही. मलाही पटलं नसतं.

"अरे, याच्या सोलरनं लाईट उलटी वढली," दुसऱ्यानं शास्त्र सांगितलं. "अण्णाच म्हणत होते की, तारेवरून वीज उलटी जाते म्हणून. गेली उलटी! डीपी उडाला."

हे ऐकून मी घाबरलो. हसू नका! मी इलेक्ट्रिकलचा, दोन वर्षं कॉलेजात काढलेली, आणि त्या क्षणाला मलाही वाटलं की गल्लीची लाईट मीच उलटी वढली. मी आत पळत आलो आणि अण्णांना म्हणालो, "अण्णा, बहुतेक मी गल्ली जाळली."

दाजींनी वर्गातल्या पोरानं करावा तसा हात वर केला. उजवा हात उष्टा म्हणून डावा.

"जावाईबापू, तुम्ही उठायचं न्हाई," अण्णांनी त्यांचा हात खाली दाबला. "हे घरचं हाय, आम्ही बघतो. अगं, वाढ त्यांना!"

आई धोंडा घेऊन वाकली, तेव्हा लातूर पॅटर्नचा बांध फुटला. दाजींनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले, एक उष्टा, एक कोरडा, आणि प्रस्तावनेशिवाय बोलले. माझ्या ऐकण्यात पहिल्यांदाच.

"बास! धोंडा नको! ते बिनबॅटरीचं सोलर लाईट गेली की बंदच पडतं!"

आईनं धोंडा परत ताटलीत ठेवला.

"पण सूर्य तर हाय की वर," अण्णा म्हणाले.

"असू दे. कितीही असू दे. खांबावरची लाईट असली तरच ते मशीन चालतं. ती गेली की मुद्दाम बंद होतं. मुद्दाम! तशीच बनावट असते त्याची. तुमची वीज तारेवरून खांबाकडं जाते ना? मग लाईट गेलीय म्हणून वायरमन खांबावर चढला, आणि खालून तुमचं सोलर चालूच राहिलं तर? मरेल की माणूस!"

मी दारातून बाहेर बघितलं. गल्लीच्या तोंडाशी, उन्हात, खांबाला बिलगून एक वायरमन लोंबकळत होता. रुमाल डोक्याला बांधलेला, खालून लोक त्याला सूचना देत होते. त्याच्या हातात ती तार होती. आमच्या घराकडून गेलेली.

मशीनचा लाल दिवा जिन्यात लुकलुकत होता. मी मघाशी त्याचा भलताच अर्थ लावला होता.

"दाजी, तुम्हाला हे सगळं माहीत होतं, मग आधी का नाही बोललात?"

"बोलू दिलं का मला?" दाजी कळवळून म्हणाले. "बोलायला गेलो की धोंडा! आणि मला कसं माहीत ते विचार की. गेल्या वर्षी आमच्याकडं बसवलं. माझ्या वाढदिवसाला सगळा स्टाफ बोलावला. फिजिक्सची माणसं, गजानन! सगळ्यांसमोर मी मेन स्विच पाडला. हेच भाषण केलं. तुझ्यापेक्षा लांब केलं. आणि अंधारात केक कापला."

तेवढ्यात ताईचा पदर सुटला. ती रडत नव्हतीच! हसून हसून तिचा चेहरा लालभडक झाला होता.

"ताई! तुला माहीत होतं?"

"शपथ घातली होती रे मला," तिनं दाजींकडं बोट केलं. "सासरची फजिती माहेरी सांगायची न्हाई म्हणून. मी काय करू? मी आपला पंखा घेऊन बसले."

दाजींना आता उत्साह आला होता. ते माझ्याकडं वळले. "हे असतं बघ अभ्यासक्रमात. बहुतेक तिसऱ्या वर्षाला."

मी दुसऱ्याला सोडलं. माझ्या सरांना हे कळलं तर ते पेढे वाटतील.

अण्णा मात्र अजून विचारात होते. खुर्चीत बसून, मान हलवत. मग हळूच म्हणाले, "म्हणजे सूर्य खरंच लाईट ऑफिसात नोकरीला हाय."

हमीदचाचा दारातच उभे होते. त्यांनी ते ऐकलं. झालं! वर्तमानपत्राचा पंखा आपटत ते ओट्यावरच बसले आणि हसायला लागले. पाठोपाठ गल्ली, आई, ताई, आणि शेवटी आत्यासुद्धा. हसता हसता ती मला "भाड्या" म्हणाली. म्हणजे अर्धी माफी.

पण लातूरचा माणूस. प्रश्न अर्धवट सोडत नाही. दाजींनी हात धुतला आणि विचारलं, "मग बॅटरीचं का नाही बसवलं? बसवणारा विचारतो की. आम्हालाही विचारलं होतं."

हसणं थांबलं. सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. आत्या, आई, ताई, दाजी, चाचा, दारातली गल्ली. मी भाजलेल्या तळपायाकडं बघायला लागलो.

"मीच नको म्हणलो," अण्णा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"पोरगं म्हणत होतं बसवू म्हणून. मीच हात आखडता घेतला. म्हाताऱ्या माणसाला काय कळतंय त्यातलं? चूक माझी."

एवढं सरळ खोटं या माणसानं आयुष्यात बोललेलं मी ऐकलं नव्हतं. बॅटरीबद्दल कारागीर आणि मी काय बोललो, तेव्हा अण्णा जिन्यात उभे होते. मास्तर. सगळं ऐकतात. आणि मास्तर असून त्यांनी भर वर्गात माझी चूक स्वतःच्या वहीत लिहून घेतली. आता तुम्हाला कळलं ना, साक्षीदार कुठले ते? दोष अण्णांचा. रेकॉर्डवर आहे.

थोड्या वेळानं वायरमन खाली उतरला आणि लाईट आली. पाठोपाठ मशीनवर हिरवा दिवा लागला. एसी सुरू झाला. दाजी तिथंच पाटावर आडवे झाले. सफारी, धोंडे आणि ते. अण्णा उठून गच्चीवर गेले आणि पलीकडं उडालेल्या कुरडया शेजाऱ्यांच्या पत्र्यावरून काठीनं ओढायला लागले. मी त्यांच्या मागं जाऊन उभा राहिलो. म्हणालो, "अण्णा, तुमची बाज वर आणायची का? पॅनल जरा उंच स्टँडवर घेतले तर खाली जागा होते."

"करून दाखव," ते म्हणाले.

मला वाटलं, आता मूड बरा आहे. हळूच विचारलं, "आणि गाळ्याचं?"

अण्णांनी काठीनं एक कुरडई जवळ ओढली, फुंकर मारली, उजेडात धरून बघितली.

"चूक माझी म्हणलो," ते म्हणाले. "गाळा तुझा म्हणलो न्हाई."

पॅनल उंच केलेत मी. खाली अण्णांची बाज आहे, आणि दिवसा आत्याचं वाळवण. सावलीत वाळत नाही म्हणून ती वेगळी ओरडते. तिच्या उडालेल्या कुरडयांच्या बदल्यात उरलेला उन्हाळा मी चुलीसमोर उभा राहून गव्हाचा चीक घोटला. चीक घोटणं काय असतं हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. दंड भरून आले माझे. आणि गल्लीत लाईट गेली की अजूनही कुणीतरी पोरगं आमच्या दाराशी येऊन ओरडतं, "गजूदादा, सूर्य आज रजेवर का?"

गाळ्यात दाजींच्या चुलतभावाचा क्लास आहे. दुपारच्या बॅचचे पंखे माझ्या पॅनलवर फिरतात. मी बोललो ते एकच वाक्य होतं, सूर्याच्या नोकरीचं. मला ते एका गाळ्याला पडलं.